घाण पाणी वेगळं ठेवणारा चौकोनी मॉप: रांगतं बाळ असलेल्या घरातून रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू दोन लहान मुलं, दोन नोकऱ्या आणि डोंबिवलीची सकाळची लोकल असलेल्या घरातला आहे. ज्यांना निवांत तासभर लादी पुसायला मिळते त्यांना यातलं अर्धं पटणार नाही, आणि ते ठीकच आहे. आमची फरशी व्हिट्रिफाइड, दोन बाय दोनची, मोठा ज्युनिअर केजीत आणि धाकटी रांगते, म्हणजे जमिनीवर जे दिसेल ते आधी हातात आणि मग थेट तोंडात.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ऑनलाइन बघितलंत तर याच साच्याच्या बादल्या वेगवेगळ्या नावांनी मिळतात, रंग आणि स्टिकर तेवढा वेगळा. मला पंधराशेच्या आसपास पडला, सोबत दोन पॅड आले, जास्तीचे वेगळे घ्यावे लागले.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे बहुतेक घरात गोल बादलीचा स्पिन मॉप असतो, जाळीत ठेवून गरगर फिरवायचा तो. पिळायला मस्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यात पाणी एकच. हॉल पुसून झाला की बादलीत चहा तयार होतो आणि तोच चहा आपण बेडरूमभर फिरवतो. मोठी माणसं चपला घालून फिरतात त्यांना काय फरक पडतो, पण बाळ तिथे तळहात टेकून चालतं आणि दोन मिनिटांनी तीच बोटं चोखतं. पाणी बदलावं म्हटलं तर संध्याकाळी सात वाजता, एक पोर कडेवर आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असताना भरलेली बादली मोरीत नेऊन ओतणार कोण?

या चौकोनी बादलीत पाण्याचे दोन कप्पे आहेत. एकात चांगलं पाणी भरायचं. खाचेत मॉप उभा घालून दांडा खालीवर केला की पॅड आत फिरतं, त्यावर थोडं थोडं ताजं पाणी पडतं, बाजूच्या पट्टीवर पॅड खरवडलं जातं आणि निघालेलं घाण पाणी खालच्या दुसऱ्या कप्प्यात जातं. खटका फिरवला की पाणी बंद, मग नुसतं पिळायचं. म्हणजे दर वेळी पॅडला लागतं ते न वापरलेलं पाणी. ही एवढीच गोष्ट पैसे मोजण्यासारखी आहे, बाकी जाहिरातीतलं ३६० अंशात वळतो वगैरे सगळेच मॉप करतात.

गंमत म्हणजे आमच्या मावशींना हेच पटेना. त्या सकाळी येऊन केर-लादी आणि भांडी करून जातात. त्यांनी दोनदा वापरला आणि म्हणाल्या, "ताई, पाणी तर काळं झालंच नाही, मग पुसलं काय?" घाण पाणी खाली लपलेलं असतं ना, वरचं दिसतं स्वच्छ, त्यामुळे आपण काम केलंय याचा पुरावाच नाही डोळ्यासमोर. मग मोरीत नेऊन खालचं बूच काढून दाखवलं, ते काळपट पाणी बघितल्यावर त्यांची खात्री पटली. आता गुडघे दुखत असले की त्याच मॉप मागतात, नाहीतर फडक्यानेच पुसतात, आणि मी काही बोलत नाही, कारण सोफ्यामागचा कोपरा आणि दाराच्या बिजागरीखालची जागा हाताने जशी निघते तशी कुठल्याही मॉपने निघत नाही. सासूबाईंचं तर पहिल्या दिवसापासून हेच म्हणणं आहे. चौकोनी पॅड गोल मॉपपेक्षा कोपऱ्यात बरं जातं, पण बरं म्हणजे बरंच, पूर्ण नाही.

मग मावशी असताना मॉप हवा कशाला? संध्याकाळसाठी. लहान मुलांच्या घरात सकाळी अकराला पुसलेली लादी दुपारी चारपर्यंत टिकली तरी खूप झालं. संध्याकाळी घरी यावं तर सोफ्याखाली बिस्किटाचा चुरा, टीव्हीसमोर सांडलेलं दूध आणि मोठ्याने शाळेच्या बुटांतून आणलेली माती. शिवाय मावशींच्या सुट्ट्या, गावची जत्रा, मुलीचं बाळंतपण. तेव्हा सगळं घर काढायची ताकद नसते आणि तसं करूही नये असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे संध्याकाळचा नियम एकच, बाळ जिथे रांगतं आणि जिथे जेवतं तेवढीच जमीन. म्हणजे हॉल आणि स्वयंपाकघराचा दारापर्यंतचा भाग. बेडरूम एक दिवसाआड, बाल्कनी रविवारी, पंखे आणि जाळी-जळमटं दसऱ्याच्या आधी. व्हिडिओत दाखवतात तशी सोमवार खिडक्या, मंगळवार कपाट अशी वेळापत्रकं ज्यांना जमतात त्यांना नमस्कार.

नवरा आधी केर काढतो, खेळणी टोपलीत भरायचं काम मोठ्याचं, आणि मी मॉप घेते. हॉल आणि किचन मिळून पंधरा-वीस मिनिटं, कप्प्यातलं पाणी तेवढ्याला पुरतं. अख्ख्या टू बीएचकेला एका भरण्यात पुरणार नाही, मध्ये पुन्हा भरावं लागेल, हे विकणारा सांगत नाही. आणि केर न काढता मॉप फिरवलात तर केस, चुरमुरे, रेती सगळं पॅडला चिकटून खाचेत जातं आणि पट्टीवर अडकतं, मग चिमट्याने काढत बसा. माझे लांब केस आणि बाळंतपणानंतरची केसगळती, जास्त काय सांगू.

वाळलेल्या नाचणीबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण दहा महिन्यांचं पोर असलेल्या प्रत्येक घरात ही असते आणि कुठल्याही जाहिरातीत नसते. नाचणीचं सत्त्व जमिनीवर पडून तासभर वाळलं की त्याचा चिकट पापुद्रा बनतो. त्यावर मॉप फिरवला तर वरचं ओघळतं आणि हातभर तपकिरी पट्टा तयार होतो, मूळ डाग जागीच. वरणभाताचं तसंच, शीत वाळलं की खड्यासारखं होतं आणि पॅड त्याच्यावरून उडी मारून पुढे जातं. यावर उपाय साधा आहे, जेवण झालं की बाळाच्या खुर्चीखाली ओलं फडकं नुसतं पसरून ठेवायचं, बाळाचं तोंड-हात धुवून, बिब काढून परत यायचं, तोपर्यंत सगळं फुगून सुटतं, एकदाच गोळा करून उचलायचं आणि मग मॉप. अजून सोपं म्हणजे खुर्चीखाली जुना रेक्झिनचा तुकडा घाला आणि तो मोरीत धुवा. फरशीवर मेणाच्या खडूची चित्रं झाली असतील तर ओल्या फडक्यावर थोडा खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने घासा, जातं. मॉपने नाही जात.

लिक्विडचं सांगते, कारण मला वाटतं अर्ध्या लोकांचा मॉप खराब नसतो, लिक्विड जास्त असतं. अर्ध्या बादलीला एक झाकण असं बाटलीवर लिहिलेलं असतं, आपण प्रेमाने तीन ओततो, वास यायला हवा म्हणून. या बादलीत पाणी कमी मावतं, त्यामुळे तेच एक झाकणसुद्धा जास्त होतं. मग लादी सुकल्यावर अनवाणी चाललं की चिकचिक होते, पावलांचे ठसे उठतात आणि त्या थरावर धूळ अजून पटकन बसते. मी रोज साधं पाणी वापरते आणि एक-दोन दिवसाआड थेंबभर लिक्विड, त्यानंतर एकदा साध्या पाण्याचा हात. आणि ते ९९.९ टक्के जंतू मरतात वगैरे जे असतं ना, बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा, सहसा किती दाट वापरायचं आणि किती मिनिटं ओलं ठेवायचं याची अट असते. पंख्याखाली दोन मिनिटांत सुकणाऱ्या लादीवर ती अट पाळली जात नाही. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले तर तेवढ्या जागेपुरतं नीट प्रमाणात वापरा, रोज हॉस्पिटल करायची गरज नाही.

आणि कृपा करून ब्लीच आणि टॉयलेटचं अ‍ॅसिडवालं लिक्विड एकत्र ओतू नका, जास्त स्वच्छ होईल म्हणून करणारे लोक मी बघितलेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तर फारच वाईट. फिनेल किंवा अ‍ॅसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची सवय पण बंद करा, पोराला काय कळतं बाटलीत काय आहे ते.

याच बादलीबद्दल सुरक्षेचा मुद्दा, जो मी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये वाचला नाही. रांगतं किंवा नुकतं उभं राहायला लागलेलं मूल बादलीत डोकावलं आणि पालथं पडलं तर काही इंच पाण्यातसुद्धा बुडू शकतं, अंगाच्या मानाने डोकं जड असतं आणि स्वतःला वर ढकलायची ताकद नसते. मोठ्या उघड्या बादलीपेक्षा ही बरी, खाच अरुंद आहे, डोकं जात नाही. पण खाचेत पाणी राहतं आणि आमच्या धाकटीला त्यात हात घालून तो चाटणं हा मोठा उद्योग वाटतो. त्यामुळे पुसून झालं की बादली लगेच रिकामी, फोन वाजला तरी आधी बादली. मोरीतली भरलेली बादली आणि टबाचं पण तेच, आणि दाराला वरून कडी.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार खालच्या कप्प्याची, तिथे हातच जात नाही. घाण पाणी ओतलं तरी तळाशी बुळबुळीत थर राहतो आणि पावसाळ्यात उघडलं की गटाराचा वास येतो. आठवड्यातून एकदा गरम पाणी आणि भांड्याचा साबण घालून झाकण लावून खुळखुळवते, मग बूच उघडं ठेवून उलटी वाळवते. डिझाइन करणाऱ्याने स्वतः एकदा धुवून बघायला हवी होती. दुसरं, बुचाचं रबर काही महिन्यांत सैल झालं आणि पाणी झिरपायला लागलं. विक्रेत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, व्हिडिओ पाठवा म्हणाले, व्हिडिओ पाठवला तर बिल पाठवा, बिल पाठवल्यावर निळ्या टिका आल्या आणि विषय संपला. शेवटी स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याने डब्यात हात घालून दहा रुपयांचा वॉशर काढून दिला, तो आजपर्यंत टिकलाय. तिसरं, दांडा. मला ठीक आहे पण नवरा सहा फूट, त्याला वाकून पुसावं लागतं आणि कंबर धरते, त्यामुळे घेण्याआधी दांड्याची लांबी वाचा, स्टीलचा आहे का तेही बघा, जोडाचे प्लास्टिकचे आटे आधी जातात.

पॅडबद्दल. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि नायलॉनच्या अतिबारीक चिरलेल्या धाग्यांचं कापड, ते धूळ धरून ठेवतं. कपड्यांचं कंडिशनर लागलं की धाग्यांवर थर बसतो आणि ते नुसतं धूळ ढकलायला लागतं. साध्या पावडरीत धुवा, टॉवेलांसोबत नको, त्यांची लव चिकटते. मुख्य म्हणजे रात्री ओलं पॅड बादलीत तसंच ठेवू नका, सकाळी त्या वासाचीच लादी पुसाल. जुलै-ऑगस्टमध्ये इथे काही वाळतच नाही, म्हणून चार पॅड आलटून पालटून. तरी पावसाळ्यात या मॉपचा मला सगळ्यात जास्त फायदा वाटला, कोरडं पिळलं जातं त्यामुळे लादी पटकन सुकते, फडक्याने पुसली की अर्धा तास पंखा लावून पोराला "थांब, घसरशील" ओरडत बसावं लागायचं. बाळाच्या फोमच्या मॅटखाली मात्र रोज उचलून बघा, तिथे ओल राहिली की काळे ठिपके येतात.

माहेरी साताऱ्याला घेऊन गेले होते, तिथे सपशेल फेल. शहाबादी फरशी खडबडीत, उंचसखल, पॅड वरवर फिरतं आणि सांध्यातली माती तशीच. तिथे आईचं पोतेरंच बरं. जाता जाता, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड, त्यावर अ‍ॅसिड काय, व्हिनेगर किंवा लिंबूसुद्धा लावू नका, चकाकी खाऊन टाकतं आणि ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही.

पाचपैकी माझ्याकडून साडेतीन. गुळगुळीत टाइल्स, रांगतं पोर आणि संध्याकाळी फक्त वीस मिनिटं असतील तर घ्या. पोरं मोठी झाली असतील आणि स्पिन मॉप चालतोय तर पाणी मध्ये एकदा बदला, पैसे वाचतील. ऑर्डर करण्याआधी त्याच मापाचे पॅड सुटे मिळतात का ते शोधून ठेवा, माझ्या विक्रेत्याचे आत्ताच आउट ऑफ स्टॉक दाखवताहेत आणि दुसऱ्या कंपनीचं पॅड दोन बोटं लहान पडतंय. कोणाला ३३ सेंटिमीटरवालं कुठे मिळालं असेल तर सांगा.