सकाळ आदल्या रात्रीच ठरते: मृगापासून संक्रांतीपर्यंतचा अनुभव

मृगाच्या सुमारास सुरू केलं, आता संक्रांत होऊन गेली. एवढ्या काळात सकाळच्या दिनक्रमातलं काय टिकलं आणि काय गळलं, ते सविस्तर लिहिते.

पहाटे पाचला उठा असा सल्ला सगळेच देतात, पण मी पाचला उठत नाही. पुण्यात सॉफ्टवेअर चाचणीचं काम करते. अर्धी टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, त्यामुळे कॉल संपायलाच रात्रीचे साडेनऊ वाजतात. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. पाचचा गजर लावला तर तो वेळ या झोपेतूनच कापून घ्यावा लागेल. म्हणून मी आधी झोपायची वेळ पक्की केली, साडेदहा ते पावणेअकरा, आणि बाकी सगळं त्यावर बसवलं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावल्याने. झोपायच्या खोलीत सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ आहे. घेणार असाल तर टिकटिक न करणारं बघून घ्या, रात्री तो आवाज फार जाणवतो. सव्वासहाला उठते. मग नळाचं पाणी, दूध, मुलाचा डबा, शाळेची बस. हा वेळ ‘स्वतःसाठी’ मिळत नाही, आणि तो तसा मिळावा असा माझा आग्रहही नाही. फोन हातात नसतो, तेव्हा वेळेचं भान सासूबाईंचा रेडिओ देतो. आकाशवाणीच्या सात पाचच्या बातम्या लागल्या की डबा भरून तयार पाहिजे.

बस गेली की गच्चीवर वीस मिनिटं. थोडं चालणं, मग सावकाश सूर्यनमस्कार. व्यायामाइतकंच महत्त्व इथे उजेडाला आहे. घरात दिव्याखाली डोळ्यांपर्यंत जेमतेम दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश पोहोचतो. बाहेर पावसाळी ढग असले तरी तो त्याच्या कितीतरी पट असतो, आणि ऊन वर आलं की दहा हजारांच्या पुढे जातो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी या उजेडाची खबर थेट मेंदूतल्या घड्याळाला देतात. सकाळी ती वेळेवर पोहोचली की रात्री झोपही वेळेवर येते. मला हा फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवला.

उठल्यावर दीड तास चहा घेऊ नये असा सल्ला सगळीकडे दिसतो. त्याला भक्कम आधार मला कुठे सापडला नाही, म्हणून उठल्या उठल्या आल्याचा चहा चालूच आहे. बंद केली ती संध्याकाळच्या कॉलआधीची कॉफी. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे आठ वाजताची कॉफी मध्यरात्रीनंतरही अंगात असते.

आता मुख्य भाग. सव्वाआठ ते सव्वानऊ मी एकच काम करते, आणि ते कोणतं हे आदल्या रात्री कॉल संपल्यावर वहीत लिहून ठेवलेलं असतं. ‘रिपोर्ट’ असं मोघम लिहून उपयोग होत नाही. ‘लॅपटॉप उघडला की पेमेंटच्या चाचण्यांचा आराखडा लिहायला घ्यायचा’ असं लिहिलं की सकाळी विचार करावा लागत नाही. अमुक झालं की तमुक करायचं, अशा ठरावाने कामं जास्त तडीस जातात, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने बरंच आधी दाखवलंय. या तासात मेल आणि चॅट बंद. रात्रभरात तिकडून आलेले मेसेज वाट बघत असतात, पण ते एकदा वाचले की डोकं त्यांच्यातच राहतं. संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: अर्धवट सोडलेलं काम पुढच्या कामातलं लक्ष खातं. टीमला एकदाच सांगितलं, ‘सव्वानऊपर्यंत मी उत्तर देणार नाही, अगदीच अडलं तर फोन करा.’ फोन क्वचितच येतो. ज्या आराखड्याला पूर्वी कॉलच्या मधल्या फटींत आठवडा जायचा, तो आता दोन-तीन सकाळींत होतो. संध्याकाळी मुलाजवळ बसताना मन ऑफिसात नसतं, हे मला त्याहून मोलाचं वाटतं.

सकाळची डायरी आणि ध्यानाचं ॲप महिन्याभरात सुटलं. दोन्हींनी पहिल्या कामाचा वेळ खाल्ला.

गणपतीत आणि दिवाळीत घडी मोडणारच. त्या दिवसांत मी फक्त दोन गोष्टी ठेवल्या, गच्ची आणि पहिल्या कामाचा अर्धा तास. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या 2010 च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांची मधली संख्या 66 आली होती, पण माणसागणिक ती 18 पासून 254 पर्यंत बदलत होती. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. एकवीस दिवसांत सवय लागते असं म्हणतात, तशी अट घालून घेऊ नका.

खरी अडचण नोव्हेंबरात आली. अमेरिकेत दरवर्षीप्रमाणे हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली आणि साडेआठचा कॉल साडेनऊला सरकला. त्यात पुण्यातला सूर्योदय जूनमध्ये सहाच्या आसपास, तर जानेवारीत सात वाजून गेल्यावर. झोप कमी आणि सकाळी अंधार. तिकडच्या टीमशी बोलून आठवड्यातले तीन कॉल तासभर अलीकडे घेतले, उरलेल्या दोन दिवसांच्या दुसऱ्या सकाळी फक्त गच्ची आणि काम, व्यायाम नाही.

रात्रपाळी किंवा घरात तान्हं बाळ असेल तर यातलं बरंचसं लागू पडणार नाही. फोन खोलीबाहेर ठेवणं आणि एका कामाची चिठ्ठी एवढंच घ्या. खर्च म्हणाल तर एक घड्याळ आणि एक वही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुन्हा पुढे जातील आणि इथे उजाडायलाही लवकर लागेल. तेव्हा उठायची वेळ पावणेसहा करून बघणार आहे, म्हणजे बस यायच्या आधीच गच्ची होईल आणि पहिल्या कामाला दीड तास मिळेल.