कॅमेरा मागवला आणि १२,६२८ रुपये गेले: वाचा आणि सावध व्हा

हे लिहायला मला दोन महिने लागले. रागापेक्षा लाज जास्त होती. अजूनही सासरी निम्म्या लोकांना माहीत नाही. पण परवा मला फसवणारी तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली आणि गप्प बसवेना.

लेक आठवीत आहे. सहल अजिंठा-वेरूळ-दौलताबाद. शाळेची चिठ्ठी आली, मोबाईल आणायचा नाही, साधा कॅमेरा चालेल. घरात २०१० सालचा कॅननचा पॉवरशॉट ए४९० होता, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. बारा-तेरा वर्षं त्याने इमानेइतबारे काम केलं. बारसं, मुंज, पंढरपूर, सगळं त्यात आहे. पण आता चालू केला की लेन्स अर्धी बाहेर येते, कर्र आवाज होतो आणि स्क्रीनवर 'लेन्स एरर'. दुरुस्तीवाल्याने हात जोडले.

म्हणून कॅननचाच इक्सस १८५ घ्यायचं ठरवलं. उगाच नाही ठरवलं. माझ्या नणंदेकडे आहे, तिच्याशी तासभर बोलले. तिने सगळं खरं सांगितलं. हलका आहे, खिशात मावतो, उजेडात फोटो छान येतात, ८ पट झूम आहे आणि तो खरा आहे, लेन्स बाहेर येते. संध्याकाळी घरात मात्र फोटो दाणेदार येतात. बॅटरी दोनशेच्या आसपास फोटो देते, दुसरी जवळ ठेवावी लागते. आणि व्हिडिओ फक्त ७२०चा, म्हणजे साध्याच दर्जाचा, त्यावर फार अपेक्षा ठेवू नको. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

हे मॉडेल २०१७चं, त्यामुळे दुकानात नवं मिळेना. त्यात हल्ली कॉलेजच्या मुलामुलींना जुन्या छोट्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय, म्हणून वापरलेल्यालाही वाटेल ती किंमत सांगतात. अशात मोबाईलवर जाहिरात आली: इक्सस १८५, जुन्या साठ्यातला पण न वापरलेला, जीएसटी बिलासह, ५,९९० रुपये. फार स्वस्त असता तर मला संशय आला असता. तो बरोबर 'परवडेल पण खोटा वाटणार नाही' अशा किमतीला होता. मी मूर्ख नाही. घरचा हिशेब मी बघते, बचत गटाची वही मी लिहिते.

व्हॉट्सॲपवर बोलणं झालं. माणूस 'मॅडम, मॅडम' करत नीट मराठीत बोलत होता. मी व्हिडिओ मागितला, त्याने पाठवला. एका बाईचा हात, लाल नखं, मागे निळा पडदा, कॅमेरा हातात घेऊन फिरवून दाखवतात. शेजारी खोका, खोक्यावर कॅननचं नाव. खाली मजकूर: '२० मेगापिक्सेल, ८एक्स झूम, ४के व्हिडिओ'.

४के व्हिडिओ.

मी ते वाचलं. थांबलेसुद्धा. नणंदेचं बोलणं कानात होतं, ७२०चाच व्हिडिओ. ४के म्हणजे त्याहून कितीतरी स्पष्ट. मला माहीत होतं की या कॅमेऱ्यात ४के नाही. आणि तरी मी मनात म्हटलं, दुकानदाराला काय कळतंय, दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्याचा मजकूर चिकटवला असेल. अहो, दुसऱ्याच कॅमेऱ्याचा मजकूर होता तो! जो कॅमेरा ते खरंच पाठवणार होते त्याचाच! इतकं समोर लिहिलेलं होतं आणि मी त्याच्या बाजूने कारण शोधत बसले. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ती एकच ओळ दिसते.

दुसरी खूणही होती. पैसे पाठवताना यूपीआयवर दुकानाचं नाव आलं नाही, एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे मालकांच्या मिसेस. आमच्या किराणावाल्याचं खातंही बायकोच्या नावावर आहे, म्हणून मला ते खटकलं नाही. माल आल्यावर पैसे देते म्हटलं तर म्हणाला, इलेक्ट्रॉनिक वस्तूंना आम्ही ती सोय देत नाही. ५,९९० आणि कुरिअरचे १४९, मिळून ६,१३९ पाठवले.

पाचव्या दिवशी पार्सल आलं. लेकीनेच फोडलं, आनंदाने, कात्री आणायलाही थांबली नाही. आत कुठल्याही नावाचा नसलेला एक काळा कॅमेरा. खोक्यावर '४८ मेगापिक्सेल, १६एक्स, ४के'. हातात घेतला तर रिकाम्या काडेपेटीसारखा. चालू केला, लेन्स जागची हलेना. हलणार कशी, लेन्सभोवतीच्या कड्या नुसत्या प्लास्टिकच्या, शोभेच्या. झूमचं बटण दाबलं की स्क्रीनवरचं चित्रच ताणलं जातं. फ्लॅशच्या जागी टॉर्चसारखा बारीक दिवा. दारातल्या तुळशीचा फोटो काढला. फाईल भली मोठी, पण मोठा करून बघितला तर पानं नाहीतच, हिरवा लगदा. दिराला यातलं कळतं. तो म्हणाला, आतला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, छोटा, मेगापिक्सेल सॉफ्टवेअरने फुगवलेले. असल्या कॅमेऱ्यांवर ४८ लिहिलेलं असो की ६४, लेन्स बाहेर येत नसेल तर तो झूम नाही, हे आधी बघा.

लेक काही बोलली नाही. खोक्यात परत भरून ठेवला तिने. मला ते जास्त लागलं.

मी फोन केला. ओरडले. तो शांत. "मॅडम, चुकून दुसरा गेला, अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा." म्हणजे पार्सल उघडतानाचा. नव्हता. तुम्ही काढत जा. पार्सलवरचं लेबल दिसेल असं, पहिल्या कापापासून, मध्ये न थांबवता. मग म्हणाला, ठीक आहे, तुमच्यासाठी करतो, परत न्यायला माणूस येईल, पिकअपचे ३५० भरा, रिफंडबरोबर मिळतील. भरले. कुणी आलं नाही.

आणि तिसऱ्या दिवशी जे झालं ते लिहिताना आजही हात थरथरतात. सकाळी पावणेनऊ, कुकर गॅसवर, लेकीची रिक्षा दारात. फोन आला, "रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, पाच मिनिटांत लिंक बंद होईल." पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. बचत गटात मीच बायकांना सांगते. पण स्क्रीनवर ६,१३९ हाच आकडा दिसला, माझाच आकडा, आणि बोटांनी पिन टाकला. परत ६,१३९ गेले. त्यानंतर नंबर बंद, पेज गायब. तुमचं पेज दिसतंय तोवरच सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

हिशेब: ६,१३९ + ३५० + ६,१३९ = १२,६२८.

दोन दिवस मी घरात सांगितलं नाही. माझी खरी चूक ही. १९३० या सायबर हेल्पलाइनला पहिल्या तासाभरात फोन केला तर समोरच्या खात्यातले पैसे अडवता येण्याची शक्यता असते. मी दोन दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं. लाज नंतर वाटू द्या, फोन आधी करा. यूटीआर नंबर, म्हणजे यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, हाताशी ठेवा.

तक्रार नोंदली गेली, पोच क्रमांक मिळाला. मग ठाण्यात गेले. कोणतं ते लिहीत नाही. पहिल्या दिवशी, साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचलाच नाही, विचारलं, "पिन कुणी टाकला?" मी म्हटलं मी. तो शेजारच्याकडे बघून हसला. माझ्या वयाच्या बाईकडे बघून हसला. मग म्हणे कॅमेऱ्याचं ग्राहक मंचात न्या, क्यूआरचं बँकेत न्या, आमच्याकडे काय आहे? दिराने सांगितलं तसं तिसऱ्या वेळी अर्जात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ऑनलाइन तोतयेगिरीचं ६६डी लिहून नेलं. तेव्हा कुठे आवक शिक्का मिळाला. गुन्हा नाही, फक्त शिक्का. त्यासाठी तीन फेऱ्या, दर फेरीला अर्धा दिवस, आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायची. चोराने एकदा लुटलं, इथे दरवेळी मान खाली घालायला लावली. रक्कम लहान आहे म्हणतात. ज्या घरात बारा हजारांत महिना निघतो तिथे येऊन सांगा लहान आहे म्हणून.

बँकेत गेले. "व्यवहार तुमच्या पिनने झालाय, म्हणजे तुम्हीच केलाय." ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाच्या कागदपत्रांवर उघडलं, याचं उत्तर मिळालं नाही. तुम्ही बँकेत तोंडी बोलू नका, लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. मी गेले आहे, वाट बघतेय.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, हे ऐकून बरं वाटलं. पण अर्जात विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून कुरिअरच्या गोदामाचाच पत्ता. कुरिअरवाले म्हणतात, ग्राहकाची माहिती आम्ही देत नाही. मग मी कोण होते? ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा संपर्क दाखवलाच पाहिजे असा २०२०चा नियम आहे. पैसे भरण्याआधी ते शोधा. सापडलं नाही तर तिथेच थांबा.

आणि कॅमेरा वापरलेला घेणार असाल तर विकणाऱ्याला सांगा, कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहून कॅमेऱ्याशेजारी ठेवून फोटो पाठवा, खालचा सिरियल नंबर दिसला पाहिजे. चालू करून झूम केल्यावर लेन्स बाहेर येतानाचा व्हिडिओ मागा. माझ्या व्हिडिओत कॅमेरा एकदाही चालू केला नव्हता. हे मला आता दिसतं.

लेक नणंदेचा कॅमेरा घेऊन सहलीला गेली. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी, त्यामुळे लेण्यांतले फोटो अंधारे आलेत, पण दौलताबादच्या चढावरचे सुंदर आहेत. काळा कॅमेरा खोक्यासकट कपाटात आहे, मुद्देमाल म्हणून लागेल असं सांगितलंय, अजून कुणी मागितला नाही.

परवाच्या जाहिरातीत पेजचं नाव वेगळं आहे, किंमत ६,४९० केलीय. व्हिडिओ तोच. लाल नखं, निळा पडदा, खोक्याचा डावा कोपरा चेपलेला. दिसला तर पैसे पाठवू नका, आणि पेज बंद व्हायच्या आत तक्रार करा. मी केली आहे, पण एकीच्या तक्रारीने ते हलत नाहीत.