वणव्याचा मेसेज: दोन उन्हाळ्यांचा अनुभव

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाची वणवा-सूचना सेवा मी दोन उन्हाळ्यांपासून वापरतो. फुकट आहे. मोबाइल नंबर नोंदवून आपला भाग निवडायचा, की एसएमएस सुरू. आमचा धंदा म्हशींचा, खव्याचा. चिखलदऱ्याच्या पठारावरचं गवत जळलं की पाऊस पडेपर्यंत कुटार विकत आणावं लागतं, म्हणून हा मेसेज माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

मेसेजात अक्षांश-रेखांश येतात. नकाशावर त्यांचा जो ठिपका पडतो, तो म्हणजे नेमकी जागा नव्हे. उपग्रहाचा एक ठिपका 375 मीटरच्या चौकोनाचा असतो. मार्चमध्ये पहाटे मेसेज आला तेव्हा धावत गेलो, तर तिथं काहीच नाही. शेजारचे काका म्हणाले, "धूर तं कुठीच दिसत नाई, बाबू." नाल्यापलीकडे गेलो तेव्हा मोहाखालचा पाला धुमसताना सापडला. फुलं वेचायला कोणीतरी जाळला असावा. गावच्या वन समितीचा ब्लोअर (पाला उडवायचं यंत्र) येईपर्यंत जांभळीच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपत राहिलो, मग पाला उडवून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढली. गवत वाचलं.

एक ध्यानात ठेवा. आग टिपणारा सुओमी एनपीपी हा उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. तीन वाजता लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार, आणि आमच्याकडे भर दुपारनंतरच वारा सुटतो. टेकडीवर माणूस बसवणं सोडू नका.

आता मागणी. चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावाकडे पवनचक्क्या आहेत. जिथं वारा तिथं त्या राहणार, माझी हरकत नाही. पण एप्रिल 2024 मध्ये नैनितालच्या वणव्यावर हवाई दलाच्या एमआय-17 हेलिकॉप्टरनं भीमतालचं पाणी आणून ओतलं. पाण्याची बादली दोरावर लोंबकळते, ओतायला खाली यावं लागतं. धुरात पाती, विजेच्या तारा, वारा मोजायचे बारीक मनोरे वैमानिकाला दिसायचे कसे? उद्या मेळघाटात हेलिकॉप्टर आणायची वेळ आली, तर तलावापासून जंगलापर्यंतची वाट मोकळी हवी. नवीन चक्कीची जागा ठरवतानाच वन खात्याला आणि गावाला हे विचारा. मनोरे लाल-पांढरे रंगवा. चक्क्या, तारा, पाणी भरायचे तलाव, सगळं वणव्याच्या ठिपक्यांसोबत एकाच नकाशावर दाखवा. आग लागली की पाती थांबवायला कोणाला फोन करायचा, तो नंबर मेसेजातच द्या.

आज पाचपैकी चार तारे. नंबर आला की पाचवा.