अंतराळ विषयाचा वाढदिवस सजावट संच : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मुलीचा पाचवा वाढदिवस घरीच करायचे ठरल्यावर आम्ही अंतराळ या विषयावरचा तयार सजावट संच मागवला, त्याला आता काही महिने झाले. अशा संचांवरची मते बहुधा पार्टीच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेली असतात आणि त्यांत फुग्यांच्या संख्येचेच कौतुक अधिक असते. म्हणून त्यातले काय टिकले आणि मुलांच्या हाती खरोखर काय राहिले, हे पाहून मगच लिहायचे असे मी ठरवले होते.

खोक्यात ५, १० आणि १२ इंची लॅटेक्सचे फुगे, कमानीसाठी भोके असलेली प्लास्टिकची पट्टी, हातपंप, फॉइलचे रॉकेट, चांदण्यांचा कापडी पडदा, फेल्टच्या ग्रहांचे तोरण, बटन सेलवर चालणारी दिव्यांची माळ आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारे ठिपके होते.

सर्वाधिक वेळ फुग्यांच्या कमानीने खाल्ला. दोन मोठ्या माणसांची अख्खी संध्याकाळ तिच्यासाठी राखून ठेवावी. फुगा पूर्ण ताण येईपर्यंत भरू नये. तो गोल न राहता गाठीकडे लांबट होऊ लागला की थोडी हवा सोडून द्यावी, म्हणजे खोली तापून आतली हवा प्रसरण पावली तरी तो फुटत नाही. सगळे फुगे एका मापाचे हवे असतील तर जाड पुठ्ठ्याला गोल भोक पाडून त्यातून प्रत्येक फुगा पारखून घेणे सोयीचे पडते. खिडकीजवळचे फुगे दुसऱ्या दिवशीच निस्तेज आणि धुरकट दिसू लागले, कारण प्रकाश आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे लॅटेक्सचा पृष्ठभाग खराब होतो. आतल्या भिंतीवरचे मात्र बरेच दिवस तग धरून होते. फॉइलच्या रॉकेटमध्ये हेलियम भरण्याची सूचना होती. आम्ही साधी हवा भरून ते दोऱ्याने छताला टांगले आणि त्यात काहीही बिघडले नाही.

एवढ्या मेहनतीच्या कमानीकडे मुलांनी फोटोपुरते पाहिले. नंतर त्यांनी पडदा उतरवून खुर्च्यांवर टाकला, आत शिरून दहापासून उलटे आकडे मोजले आणि त्या यानात कोणी बसायचे यावरून भांडणेही केली. संच विकणाऱ्यांनी भिंतीचा जेवढा विचार केला आहे, तेवढा लहान मुलांच्या हातांचा केलेला नाही, हे मला तेव्हा प्रकर्षाने जाणवले. पडद्याच्या घड्या उलट्या बाजूने मंद इस्त्री फिरवल्यावर गेल्या, आणि वारंवार धुऊनही त्याचा रंग उतरलेला नाही. तो आजही जवळजवळ रोज तंबू होतो.

संचातील सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे फेल्टचे तोरण. ग्रह दोरीतून सुटे काढता येत असल्यामुळे ते आता जमिनीवर मांडण्याच्या खेळात आले आहेत आणि सूर्यापासूनचा त्यांचा क्रम मुलीला त्यातूनच पाठ झाला. तोरणात गोळे मात्र नऊ आहेत. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने २००६ मध्येच प्लूटोला बटुग्रह ठरवले, ही बातमी बनवणाऱ्यांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. आमच्याकडे तो नववा गोळा गरजेनुसार चंद्र, धूमकेतू किंवा हरवलेले यान असतो. शनीचे कडे केवळ दोन टाक्यांवर तोललेले होते. ते लवकरच उसवले, तेव्हा गडद दोऱ्याने सगळीकडून टीप घातली, त्यानंतर ते पक्के बसले आहे.

माझी गंभीर तक्रार दिव्यांच्या माळेबद्दल आहे. तिच्या सेलच्या कप्प्याला स्क्रू नाही, झाकण नखाने सहज सरकते. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकते, आणि वाढदिवसाला तर पाहुण्यांची रांगती मुलेही घरात असतात. माळ आम्ही लावलीच नाही. आठ वर्षांखालील मुलांच्या घशात फुग्यांचे तुकडे अडकण्याचा धोका खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला आहे. सेलबद्दल तेथे एक ओळही नाही. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे गोळा करण्याचे काम एका मोठ्या माणसाकडे आधीच सोपवून ठेवावे, कारण ऐन गडबडीत ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

चिकट ठिपक्यांनी भिंतीच्या रंगाचे पोपडे काढले. त्याऐवजी मास्किंग टेप वापरावी किंवा पट्टी पडद्याच्या दांडीलाच बांधावी. हातपंप आणि पट्टी अजून उत्तम स्थितीत असून पट्टीच्या भोकांत कोणतेही साधे फुगे बसतात, त्यामुळे पुढच्या वाढदिवसाला नवा संच घेण्याचे कारण मला दिसत नाही. मुलीने आत्ताच समुद्र हा विषय जाहीर केला आहे. त्यासाठी निळे फुगे आणि फेल्टचे मासे सुटेच घेईन, आणि पडदा तोच राहील, कारण चांदण्यांना ती बुडबुडे म्हणायला तयार आहे.