मोटरच्या नोंदी: वही की एक्सेल?

रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराजवळचा बर्फ कारखाना असो की लोटे-परशुराम एमआयडीसीतला पंप, खारी हवा आणि चार महिन्यांची ओल मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळीला, सोडत नाही. म्हणून मेगरच्या, म्हणजे वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राच्या, नोंदी इथे जिवापाड जपायला हव्यात.

वही मोटरपाशीच राहते. वीज गेली तरी चालते, ग्रीसने माखलेल्या हातानेही लिहिता येते. ग्रीस कधी भरलं, कुठलं भरलं, आवाज कसा येतोय, हे फिटर जागेवरच टिपतो. ग्रीसचा प्रकार लिहिणं फार मोलाचं, कारण न जुळणारी दोन ग्रीस मिसळली की बेअरिंग लवकर जातं.

मेगरच्या बाबतीत मात्र वही कमी पडते. समजा, मे महिन्यात 200 मेगाओहम, जुलैत 90, ऑगस्टमध्ये 30. 415 व्होल्टच्या मोटरला यातला प्रत्येक आकडा एकेकटा ठीकच वाटतो. घसरण दिसते ती तिन्ही शेजारी ठेवल्यावर. शिवाय तापमान दर 10 अंशांनी वाढलं की हा रोध साधारण निम्मा होतो. गरम आणि थंड मोटरचे आकडे तसेच ताडून पाहणं चूक. एक्सेल सूत्राने सगळे आकडे 40 अंशांवर आणतं, आलेखही काढून देतं. पण त्यासाठी वाइंडिंगचं तापमान दर वेळी टिपलेलं हवं.

पाच-सहा मोटरी असतील तर वही पुरते, फक्त पानं तारखेवार नकोत, मोटरवार हवीत. त्याहून जास्त असतील तर माझं मत सरळ एक्सेलला. ग्रीसची वही मात्र मोटरजवळ राहू द्या.