जलरंगातला समुद्र: नऊ महिन्यांनी काय टिकलं, काय गळून पडलं

मागच्या आठवड्यात रात्री टक् असा आवाज झाला. दिवा लावून पाहिलं तर भिंतीवरच्या चित्रातला सगळ्यात मोठा शिंपला खाली पडला होता. सोबत जलरंगाचा पापुद्राही घेऊन आला होता. चित्रात आता त्या जागी शिंपल्याच्याच आकाराचा पांढरा डाग आहे. त्या डागाकडे बघत बसले आणि वाटलं, आता या सगळ्याबद्दल लिहायला हरकत नाही.

समुद्राच्या विषयावर मिश्र माध्यमात काम करायचा एक तयार संच मी नऊ महिन्यांपूर्वी घेतला. बारा जलरंगांच्या वड्या, तीन बाटल्या पातळ शाई, उठाव आणायची जाड मॉडेलिंग पेस्ट, कागद झाकून पांढरा राखायचं मास्किंग फ्लुइड, चमकी पावडर, शिंपल्यांची पिशवी, थोडी वाळू आणि एक कागदाची वही. तेव्हापासून लहानमोठी मिळून चाळीसेक कामं झाली. काही चित्रं, बरीचशी भेटकार्डं, पुस्तकात घालायच्या खुणा आणि दोन डब्यांची झाकणं. संचातल्या निम्म्या वस्तू आता कपाटाच्या तळाशी आहेत. ज्या वस्तूंवर माझा सगळा समुद्र चालतो त्यातल्या बऱ्याचशा संचात नव्हत्याच.

पहिली बाहेर गेली ती वही. कागद २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा), लाकडाच्या लगद्याचा. पाणी ओतलं की पापडासारखा उठायचा आणि सगळा रंग खळग्यात जाऊन बसायचा. दोन महिने मी स्वतःलाच दोष देत होते. मीठ टाकावं तर काही उमटायचं नाही, रंग एकमेकांत मिसळण्याऐवजी कडा धरायचे, आणि पुन्हा ब्रश फिरवला की कागदाची साल निघायची. मग शंभर टक्के सुती, ३०० जीएसएमचा, कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरखरीत कागद आणला, आणि पहिल्याच दिवशी कळलं की हात माझा इतका काही वाईट नाही. सुती कागद पाणी आत ओढून घेतो आणि बराच वेळ सगळीकडे सारखा ओला राहतो. समुद्राच्या कामात हा ‘बराच वेळ’च लागतो, कारण पाण्याचे सगळे परिणाम कागद ओला असतानाच घडतात. ३०० जीएसएमसुद्धा मोठ्या आकारात थोडा उठतोच, म्हणून चारही कडा कागदी चिकटपट्टीने फळीला बांधून घेते. रफ, म्हणजे त्याहून खडबडीत कागदही आणून पाहिला. अर्धवट कोरडा ब्रश त्यावरून आडवा ओढला की रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि मधल्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे उन्हात लकाकणारं पाणी तयार होतं. एवढ्या एका गोष्टीसाठी रफ कागद घ्यावा. बाकी कार्डांना तो फार खडबडीत पडतो.

पैसे कुठे घालू असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच आहे: कागदात. उरले तर दोन चांगल्या निळ्यांत.

बारा वड्यांतल्या पाच निळ्या-हिरव्या होत्या आणि त्यातल्या तीन एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. आता माझ्याकडे मुख्य निळे दोनच आहेत, फ्रेंच अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू. दोघांचे स्वभाव अगदी उलटे. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात पुंजके करतात आणि कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे वाळल्यावर रंग दाणेदार दिसतो. पूर्वी हा रंग लाजवर्द दगड दळून काढायचे आणि तो सोन्याच्या भावाने जायचा. १८२८ साली झाँ-बाप्तिस्त गिमे या फ्रेंच माणसाला तो कृत्रिमरीत्या बनवण्याबद्दल बक्षीस मिळालं, नावातलं ‘फ्रेंच’ तिथून आलं. यात थोडा बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळला की जो करडा येतो, तो वाळताना स्वतःच विलग व्हायला लागतो, निळे दाणे एकीकडे, तपकिरी दुसरीकडे. ओल्या वाळूसाठी मला याच्याहून चांगलं काही सापडलेलं नाही. वाळूच्या पिशवीतली खरी वाळूसुद्धा इतकी वाळूसारखी दिसत नाही!

थॅलो १९३० च्या दशकात बाजारात आला. त्याचे कण फार बारीक, म्हणून रंग आरपार, झगझगीत आणि कागदाला घट्ट धरून बसणारा. उथळ पाण्याचा हिरवट निळा यानेच येतो. पण ब्रशच्या टोकाला लागेल तेवढाच घ्यायचा. मी पहिल्यांदा वडी ओली करून नेहमीसारखा घेतला आणि अख्खा समुद्र शाळेच्या पाटीवरच्या निळ्या खडूसारखा झाला. पुसायला गेले तर निघेना. लाटेचा पांढरा भाग नंतर उचलून काढायचा बेत असेल तर खाली थॅलो नको, अल्ट्रामरीन ठेवा, तो ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उठतो.

आता मीठ. यासाठीच बहुतेक लोक या वाटेला येतात, आणि यातच सगळ्यात जास्त निराश होतात. मिठाचा खडा आजूबाजूचं पाणी ओढतो, त्याच्याबरोबर रंग हलतो आणि खड्याभोवती फिकट चांदणी उमटते. जाड मिठाने मोठ्या, विरळ चांदण्या येतात, बारीक मिठाने धुक्यासारखी दाट खसखस. इथवर सगळे सांगतात. वेळ मात्र कोणी नीट सांगत नाही. कागदावर पाणी आरशासारखं चमकत असताना मीठ टाकलं की ते नुसतं विरघळतं आणि डबकं होतं. चमक पार गेली की मीठ तसंच पडून राहतं, काही करत नाही. मधे एक क्षण असतो. चमक मरायला लागते पण ओल दिसते, ओल्या पुसलेल्या फरशीसारखी. कागद डोळ्यांच्या पातळीला आणून तिरका धरला की तो क्षण दिसतो. माझ्या जुन्या कागदावर तो एका जागी येईपर्यंत दुसऱ्या जागी निघून गेलेला असायचा, म्हणून मीठ ‘चालत’ नव्हतं.

टाकल्यावर हात बांधून बसायचं. हेअर ड्रायर नाही, हीट गन नाही. गरम हवेने कागद वाळतो पण मिठाला काम करायला वेळच मिळत नाही. माझी भाची दर पाच मिनिटांनी “मावशी, झालं का?” विचारते आणि बोट लावून बघते. तिच्या चित्रांतल्या प्रत्येक समुद्रात तिचा एक ठसा आहे.

महिन्यांनंतर कळलेली गोष्ट अशी की मीठ पूर्ण झाडून काढलंच पाहिजे. सुरुवातीच्या दोन चित्रांत ‘चमकतंय छान’ म्हणून मी काही खडे तसेच ठेवले, वरून गोंदाचा हात दिला. हवा दमट झाली आणि चित्रांना घाम फुटला. मीठ हवेतलं पाणी धरतं हे शाळेत शिकलेलं, पण चित्र करताना आठवलं नाही. एका ठिकाणी खड्याभोवती ओला डाग येतो, हवा कोरडी झाली की जातो, परत येतो. हवामान खात्याची शाखा म्हणून ते चित्र मी जपून ठेवलंय.

मिठाला पर्याय म्हणून अल्कोहोलचे थेंब मला जास्त आवडायला लागलेत. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल, कानकाडीने किंवा ड्रॉपरने ओल्या रंगावर टाकायचं. पाण्याचा आणि अल्कोहोलचा पृष्ठताण वेगळा असल्याने रंग झटकन बाजूला पळतो आणि मधे फिकट गोल राहतो. बुडबुडे, प्रवाळ, माशाचे खवले, सगळं यातून निघतं. मागे काही उरत नाही, म्हणजे घामही नाही. खिडकी मात्र उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

चिकटणारी पारदर्शक फिल्म चुरगळून ओल्या रंगावर दाबून ठेवली की खडकांच्या कडा आणि पाण्यातली उन्हाची जाळी मिळते. रात्रभर तशीच ठेवावी लागते. मेणबत्ती घासून त्यावर रंग फिरवला की फेसाच्या रेघा राहतात, पण मेण कायमचं. त्या जागेवर नंतर ना रंग बसतो ना गोंद. टूथब्रशने पांढऱ्या गुवाशचे (अपारदर्शक जलरंगाचे) तुषार उडवायचे असतील तर बाकीचं चित्र कागदाने झाका. मी झाकलं नव्हतं, आणि एका बोटीवर अवकाळी बर्फ पडला.

संचातली सगळ्यात चिडवणारी वस्तू मास्किंग फ्लुइड. हा रबराचा चीक असतो, अमोनियाचा वास येतो. लाटेचा फेस पांढरा राखायला लावायचा, वर रंग द्यायचा, वाळल्यावर चोळून काढायचा. कल्पना उत्तम. पण एक चांगला ब्रश पहिल्याच दिवशी गेला, कारण आधी साबण लावून घ्यायचा असतो हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा मी घाईने हीट गन मारली आणि चीक कागदात भाजून बसला, काढताना कागदच सोलला. तिसऱ्यांदा आठवडाभर तसंच राहिलं आणि तेच झालं. आता वापरते तो फक्त बारीक रेघांसाठी, जुन्या बोरूने, आणि त्याच दिवशी काढून टाकते. मोठा फेस हवा असेल तर कागदच कोरा सोडते. ते जमायला महिने लागले, पण कडा कितीतरी मऊ येते.

पेस्ट आणि जाळीचं प्रकरण याच्या उलट. मॉडेलिंग पेस्टबद्दल माझ्या काही अपेक्षा नव्हत्या आणि आता ती दुसऱ्यांदा आणलीये. लाटेचा कडा जुन्या प्लास्टिक कार्डाने पातळ ओढायचा, त्यात बँडेजची गॉज फाडून, धागे विस्कटून दाबायची. वाळल्यावर फेसाची जाळी किंवा मासेमारीचं जुनं जाळं, जे म्हणाल ते. एका थरात जाड लावू नका, वरची कातडी आधी सुकते आणि तडे जातात. मला एका खडकासाठी तडे हवे होते तेव्हा अर्थातच एकही गेला नाही.

एक अडचण आहे. पेस्ट ॲक्रिलिकची, म्हणजे तिच्यावर जलरंग धड बसत नाही, थेंब होऊन घरंगळतो किंवा बोट लागलं की निघतो. जलरंगासाठीचा शोषून घेणारा ग्राउंड, म्हणजे रंगाखाली द्यायचा लेप मिळतो, त्याचा एक हात दिला की प्रश्न सुटतो. नाहीतर क्रम पाळा. आधी जलरंगाचं सगळं पाणीकाम, ते पूर्ण वाळल्यावर पेस्ट, आणि पेस्टवर ॲक्रिलिक. माझी पहिली दहा कामं उलट्या क्रमाने झाली होती. त्यातल्या सहा लाटा आता टक्कल पडल्यासारख्या दिसतात.

आणि चिकटवलेल्या गोष्टी. शिंपला कागदावर पांढऱ्या गोंदाने चिकटवू नये, एवढं तर त्या टक् आवाजाने सांगितलंच. गोंद मजबूतच असतो, पण तो धरतो रंगाच्या थराला, आणि हवेबरोबर कागद वाकतो तर शिंपला वाकत नाही. लाकडी फळीवर हेवी जेल हे जाड ॲक्रिलिक माध्यम लावून बसवलेले शिंपले मात्र एकही हललेला नाही. वर्तमानपत्राच्या तुकड्याची एक शिडाची होडी केली होती. तो कागद पिवळा पडणार हे माहीत असूनही केली. पडला. आणि होडी आधीपेक्षा छान दिसते, शीड खरंच खूप समुद्र पाहिल्यासारखं. हा नेम न धरता बसलेला दगड आहे, पुन्हा मुद्दाम करणार नाही.

शाईच्या तीन बाटल्यांवर मी भाळले होते. तो मोरपंखी रंग वड्यांमधून येतच नाही. सहज म्हणून एका पट्टीवर सगळे रंग ओढले, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकली आणि उन्हाच्या खिडकीत चिकटवली. पाच महिन्यांनी काळा कागद काढला. अल्ट्रामरीन आणि थॅलो दोन्ही बाजूंना सारखेच. मोरपंखीची उघडी बाजू धुतलेल्या शर्टाच्या कॉलरसारखी. रंजककणांऐवजी विरघळणाऱ्या डायवर बनलेल्या शाया अशा उडतात. कार्डांसाठी, वहीच्या आतल्या पानांसाठी ती शाई अजून वापरते, उजेडच लागणार नसेल तर काय हरकत आहे? भिंतीसाठी नाही. त्याआधी ती वापरून केलेलं एक चित्र मी भेट दिलंय, आणि त्या घरी गेले की पहिली नजर त्याच्यावरच जाते.

इपॉक्सी रेझिनची लाट एकदाच ओतली. हातमोजे, उघडी खिडकी, धूळ बसू नये म्हणून वर झाकलेलं खोकं. दिसते काचेसारखी, खोटं कशाला बोलू. पण उन्हाच्या बाजूला ठेवल्यावर तिच्यावर पिवळट झाक आली आणि फेस आता जुन्या दातांसारखा आहे. वार्निश ब्रशने देऊ नका, खालचा जलरंग उठून येतो. स्प्रेचे दोनतीन हलके हात, मधे वाळू देत. सपाट चित्रं मी काचेमागेच ठेवते.

चमकी पावडरची डबी अजून भरलेली आहे. भाचीला देणार होते, पण तिने वास घेऊन बघितला आणि शिंक दिली, त्या दिवसाची चमक अजून सतरंजीत आहे.

खिडकीत आता नवी पट्टी लावलीये. या वेळी सेरुलियन, प्रशियन ब्लू आणि कोबाल्ट टरकॉइज. मोरपंखीची जागा यातला कोणी घेईल का ते बघायचंय. मागे पेन्सिलीने तारीख टाकलीये. शिंपल्याच्या जागचा पांढरा डाग मी भरलेला नाही, भाचीला त्यात मासा काढायचाय.