डेस्कटॉप लिनक्समध्ये नको ते सर्व्हर? उबंटू, डेबियन आणि फेडोरा

लॅपटॉपसाठी उबंटू, डेबियन किंवा फेडोरा असा लिनक्सचा एखादा अवतार निवडताना ही शंका हमखास येते: आपल्याला सर्व्हर (इतर मशीनना सेवा देणारा प्रोग्राम) चालवायचाच नाही, मग त्याचा फापटपसारा कशाला? एके काळी ती अगदी रास्त होती. 2001 मध्ये रामेन वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) रेड हॅट या लिनक्सच्या 6.2 आणि 7.0 आवृत्त्यांमध्ये शिरला, तो फायली पाठवणाऱ्या एफटीपी, फायली वाटून देणाऱ्या एनएफएस आणि छपाईच्या सेवांमधल्या त्रुटींमधून. आता तसं राहिलेलं नाही. शिवाय डिस्कवर नुसतं पडून असलेलं पॅकेज थोडी जागा खातं, एवढंच. धोका असतो तो नेटवर्कवरून कुणालाही दार उघडणाऱ्या सेवेचा. म्हणून पाहायचं ते हेच.

उबंटू डेस्कटॉपमध्ये एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारी सेवा) येतच नाही. बाहेरून पोहोचता येईल असं पोर्ट (सेवेचं नेटवर्कवरचं क्रमांकित दार) उघडं ठेवायचं नाही, हे त्यांचं जुनं धोरण. अवाही हा ठरवून केलेला अपवाद. प्रिंटर वगैरे आपोआप सापडतात ते त्याच्यामुळे. छपाईची कप्स सेवा 631 पोर्टवर असते, पण फक्त त्याच मशीनपुरती. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा तिचा जोडीदार कप्स-ब्राउज्ड मात्र यूडीपी (डेटा पाठवण्याची एक पद्धत) 631 पोर्टवर साऱ्या नेटवर्कचं ऐकायचा, आणि सप्टेंबर 2024 मध्ये नेमकी तिथेच गंभीर त्रुटी उघड झाली. ज्याच्याकडे प्रिंटरच नाही, त्याने हा धोका का पत्करावा? यूएफडब्ल्यू ही फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) सोबत मिळते, पण बंद. उबंटूवर आधारलेल्या मिंटची तऱ्हाही साधारण हीच.

फेडोरा वर्कस्टेशनमध्ये एसएसएच सर्व्हर आधीपासून असतो, पण बंद. फायरवॉल चालू असते, पण तिच्यात 1025 ते 65535 ही सगळी पोर्ट मोकळी! प्रोग्रामरने 8080 वर चाचणीसाठी काही चालवलं आणि ते मशीनच्या सर्व नेटवर्क जोडण्यांवर (इंटरफेसवर) ऐकत असेल, तर शेजारच्या टेबलावरचा माणूसही ते उघडू शकतो.

डेबियनचा इन्स्टॉलर एसएसएच सर्व्हर हवा का ते विचारतो. नको असेल तर तिथे खूण ठेवू नका, विषय संपला. खरा फरक नंतर जाणवतो. डेबियन आणि उबंटूवर एखादा डेटाबेस किंवा वेब सर्व्हर टाकला की तो सहसा लगेच सुरूच होतो. फेडोरावर बहुतेक वेळा तो तुम्ही स्वतः सुरू करावा लागतो.

ब्राउझर आणि ऑफिसपुरतं काम असेल तर उबंटू किंवा मिंट घ्या आणि यूएफडब्ल्यू चालू करा. सतत नवे सर्व्हर टाकून पाहणाऱ्याला मी फेडोरा सुचवेन, पण फायरवॉलचा झोन (नियमांचा संच) 'पब्लिक' करूनच.

कोणतंही लिनक्स निवडलंत तरी टर्मिनलमध्ये 'एसएस' कमांडने काय ऐकतंय ते एकदा बघा. 127 ने सुरू होणारे पत्ते मशीनच्या आतले. ते सोडून द्या. कप्स किंवा अवाही बंद करायचं असेल तर सेवेबरोबर तिचं सॉकेट युनिटही (जोडणी येताच सेवा जागी करणारी नोंद) बंद करा, नाहीतर सिस्टिमडी हा सेवा सांभाळणारा प्रोग्राम तिला पुन्हा उठवतो.